ऐनाच्या झाडातून प्रबळगड

तुम्ही पाठवलेला डोंगराचा फोटो मिळाला. पांढराशुभ्र बर्फ, निळंभोर आकाश आणि मधोमध शिखर. मी तो आधी चष्मा लावून पाहिला, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला. छान आहे. पण पाहता पाहता मनात आलं, आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी हा फोटो परत केला असता. म्हणाले असते, "डोंगर दिसला. तुम्ही कुठं होता?"

हे मास्तर तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुमच्या आईलाही ते अंधुकच आठवत असतील. कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून क्रमाने सांगावी, अशी माझी सवय तुम्ही जाणता. या माणसाच्या बाबतीत मात्र क्रम लावायला गेलं की ते हातातून निसटतात. तेव्हा जसे आठवतील तसे सांगते.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं होती. बी.ए. होऊन मी पनवेलच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. तुमचे आजोबा तिथल्या कोर्टात नोकरीला होते. तेव्हाचं पनवेल म्हणजे भाताच्या गिरण्या, बैलगाड्यांची चाकं करणारे कारखाने, खाडीवरून येणारा खारा वारा आणि गावाबाहेर पडलं की चहूकडे शेतं. आज ज्या खारघरला उंच इमारती आहेत, तिथे आम्ही कधी जायचोसुद्धा नाही. जाण्यासारखं काही नव्हतं.

शाळेत ड्रॉइंग शिकवणारे हे मास्तर उंच, किंचित वाकलेले होते. खादीचा सदरा घालत आणि त्याच्या खिशात नेहमी गूळ-शेंगदाणे असत. एकटेच राहत. बंद पडलेल्या कुठल्याशा स्टुडिओतून त्यांनी एक जुना लाकडी कॅमेरा विकत घेतला होता. तिवईवर ठेवायचा, मागून काळं कापड पांघरून आत पाहायचं, असा तो कॅमेरा. त्याच्या मागच्या बाजूला घासलेली काच असते. समोरचं दृश्य त्या काचेवर उमटतं, पण उलटं. झाडाचा शेंडा खाली आणि आभाळ पायाशी. वर्षानुवर्षं त्या काचेत पाहून मास्तरांना जग उलटं पाहायची इतकी सवय झाली होती की, मुलांची चित्रं तपासताना ते कागद उलटा धरूनच मार्क देत. एका पालकाने तक्रार केली, तेव्हा म्हणाले, "सुलट धरलं की झाड झाडासारखं वाटतं आणि आपण फसतो. उलटं धरलं की हात कुठं चुकला ते कळतं." पालकाला ते पटलं नाही, पण मार्क वाढवून मिळाल्यावर तो गेला.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे झाड. डोंगराचा फोटो काढायचा तर पुढे झाड हवंच, आणि त्या झाडातून डोंगर दिसायला हवा. त्याशिवाय ते फोटोची काचेची प्लेट खर्च करत नसत. मी एकदा विचारलं, की डोंगर एवढा मोठा, त्याला झाडाचा आधार कशाला? त्यांनी मला शेंगदाणे दिले आणि म्हणाले, "बाई, डोंगर सगळ्यांचा असतो. तुम्ही त्याच्याकडे कुठून पाहिलंत, ते झाड सांगतं."

एखादं झाड नजरेत बसेपर्यंत ते मागे मागे सरकत राहायचे, तेही मागे न पाहता. बाजारात एकदा एका अंगणातल्या शेवग्याच्या फांदीखाली कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका नेमका बसतोय असं दिसलं आणि हे एक डोळा मिटून पाठमोरे चालू लागले, ते थेट एका कोळणीच्या पाटीत जाऊन बसले. सदऱ्याला बोंबील लागले. कोळीण पाटी सावरत शांतपणे म्हणाली, "देवानं डोले म्होरं दिलेत, मास्तर. मागं जायचं तर मागं फिरून चाला." बाजार हसला. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "एक पाऊल कमी पडलं," एवढंच बोलले.

शाळेच्या ग्रुप फोटोची हकिकत मात्र हेडमास्तरांच्या फार जिव्हारी लागली होती. वार्षिक फोटो बाहेरच्या फोटोग्राफरकडून कशाला, आपले मास्तर आहेतच, असं ठरलं. मास्तरांनी सगळ्या शिक्षकांना गावाबाहेरच्या वडाखाली नेऊन उभं केलं आणि आपण कॅमेरा घेऊन पार दूर गेले. आठवड्याने फोटो आला. वड अप्रतिम आला होता. पारंब्यांच्या मधून डोंगराची रांग, तिच्यावर ढगांची सावली. आणि वडाच्या बुंध्याशी आम्ही सगळे, मोहरीएवढे. हेडमास्तर भिंग घेऊन स्वतःला शोधत होते. त्यांनी विचारलं, "यात मी कोणता?" मास्तर वाकून म्हणाले, "तुम्ही सावलीत आहात, साहेब. आरामात आहात." पुढल्या वर्षी बाहेरचा फोटोग्राफर आला.

झाड नसेल तिथे कोणाला तरी फांदी धरून कॅमेऱ्यापुढे उभं करायचं, म्हणजे फोटोत झाड असल्यासारखं दिसतं, अशी एक युक्ती फोटोग्राफर करतात. मास्तरांनीही ती एकदा केली होती. तो फोटो लोकांनी वाखाणला, एका वाचनालयाने भिंतीवर लावला. मास्तर दर आठवड्याला तिथे पेपर वाचायला जायचे आणि त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे. "त्या फांदीला मूळ नाही," म्हणायचे.

आता त्या ऐनाच्या झाडाकडे येते, कारण मास्तर म्हटले की मला तेच आठवतं.

विचुंब्याच्या वाटेवर, गाढी नदीच्या अलीकडे, भातशेतीच्या बांधावर एक ऐन होता. तुम्हाला आधी राब समजावून सांगायला हवा. भाताचं बी पेरून जिथे रोपं करायची, तिथली जमीन आधी भाजतात, तो राब. त्यासाठी बांधावरच्या झाडांच्या फांद्या दरवर्षी तोडून वाळवतात. त्यामुळे आमच्याकडे बांधावरची झाडं म्हणजे नुसते बोडके खांब. हा एकच ऐन असा होता की त्याला कोणी कोयता लावला नव्हता. मगरीच्या पाठीसारख्या सालीचं सरळ खोड, आणि वर एक जाड फांदी कमानीसारखी उजवीकडे गेलेली. बांधाच्या विशिष्ट टोकाला उभं राहिलं की त्या कमानीत प्रबळगड पूर्ण बसायचा. त्याचा लांब सपाट माथा, बाजूचा सुळका आणि दोघांमधली खाच, सगळं. मास्तर म्हणायचे, या झाडातून प्रबळचा एक फोटो मिळाला की मी सुखाने रिटायर होईन.

तो मिळत नव्हता. प्रबळ पूर्वेला, त्यामुळे सकाळी सूर्य कॅमेऱ्याच्या डोळ्यात. दुपारनंतर डोंगरावर ऊन छान पडायचं, पण तेव्हा खाडीवरचा वारा सुटायचा आणि ऐनाचं पानन् पान हलायचं. मास्तरांची प्लेट मंद होती, तिच्यावर चित्र उमटायला वेळ लागे. जवळचं झाड आणि लांबचा डोंगर दोन्ही रेखीव हवेत म्हणून ते भिंग अगदी बारीक उघडत, आणि मग झाकण काढून बराच वेळ थांबावं लागे. तो वेळ ते पाढे म्हणून मोजायचे. उजेड भरपूर असेल तर बेचा पाढा, कमी असेल तर एकोणतिसाचा. पाढा चालू असताना पानं हलली की फोटोत झाडाचा लगदा. पावसाळ्यात ढग, उन्हाळ्यात पानगळ. अशी त्यांची कितीतरी वर्षं गेली होती.

झाड होतं एका आगरी म्हातारीचं. काष्ट्याचं लुगडं, नाकात नथ आणि आवाज असा की बांधावरून बोलली तर नदीपलीकडे ऐकू जावं. मास्तरांना ती चांगली ओळखत होती. "आलात माज्या झाडाला बगायला?" म्हणून थट्टा करायची आणि ताक द्यायची. एका दिवाळीनंतर मात्र तिने थट्टा केली नाही. सांगितलं, येत्या वद्य पक्षात झाड तोडायचं आहे. वद्य पक्षात तोडलं की लाकडाला भुंगा लागत नाही. तिचं घर कुडाचं होतं, कारवीच्या काठ्यांना माती लिंपलेलं. आता मुलगा पक्कं घर बांधणार होता, आणि आढं, खांब, दाराची चौकट या ऐनाची होणार होती. तिच्या नवऱ्याने झाड त्यासाठीच राखलं होतं. राबासाठी शेजारी फांद्या मागायला आले की तो म्हणायचा, ह्याला हात लावू नका, ह्याचं माजं घर होनार हाय. घर बघायच्या आत तो गेला.

मास्तरांचं तोंड उतरलं. पण त्यांनी तोडू नका असं म्हटलं नाही. एका फोटोची परवानगी मागितली. "काडा की," म्हातारी म्हणाली, "झाड काय झिजतं?"

त्या रविवारी आम्ही गेलो. तुमच्या आजोबांनी तिवई खांद्यावर घेतली. माझ्याकडे काम होतं पानांकडे पाहायचं आणि ती थांबली की सांगायचं. भात कापून झालं होतं, शेतात नुसते बुडखे. दुपारभर वारा थांबेना. मास्तर काळ्या कापडात जात, बाहेर येत, गूळ खात. शेवटी सूर्य खाडीकडे कलला आणि डोंगर तांबूस झाला, तसा वारा दमल्यासारखा पडला. एकही पान हलत नव्हतं. मी म्हटलं, "आता." मास्तरांनी झाकण काढलं आणि पाढा सुरू केला. आम्ही दोघं आणि बांधावर आलेली म्हातारी श्वास धरून उभे. पाढा संपला, झाकण बसलं, आणि त्यानंतर लगेच फांदी हलली. मास्तरांनी प्लेट काढून पेटीत ठेवली. मला वाटतं, त्या क्षणी कोणी मागितला असता तर त्यांनी तो कॅमेराही देऊन टाकला असता.

त्या आनंदात ते म्हातारीला म्हणाले, "या, तुमचं झाड बघा." त्यांनी घासलेली काच पुन्हा बसवली, तिला एका दगडावर उभं केलं आणि डोक्यावर काळं कापड टाकलं. ते एक सांगायचं विसरले. त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं राहिलंच नव्हतं.

कापडाखाली म्हातारीचं डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कललं. मग बाहेर आली. आवाज अगदी खाली गेला होता.

"मास्तर, तुमी माजं झाड उलटं टांगलं."

मास्तर घाईघाईने समजावू लागले की काच तशीच असते. मी पुढे झाले. आपल्या डोळ्यातही चित्र उलटंच पडतं, असं शाळेत शिकवतात ते सगळं मी तिला नीट सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाय, तुज्या डोल्यात उलटं असंल. माज्या नाय." आणि मुलाला हाक मारून सांगितलं, की सुताराला नको म्हणून कळव. ज्या झाडाची मुळं आभाळात दिसली त्याचं आढं मी डोक्यावर घेणार नाही. ते घर उभं राहायचं नाही.

 परत येताना गाव जवळ आल्यावर तुमचे आजोबा म्हणाले, की मास्तर, झाड वाचलं की. आता गप्प राहा. कोर्टातही कधी कधी गप्प राहणाऱ्याचाच खटला सुटतो. मास्तरांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

फोटो त्यांनी मला दोन दिवसांनी शिक्षकांच्या खोलीत दाखवला. मी फोटोतली जाणकार नाही. पण त्या कागदावर ऐनाच्या सालीचा एकेक खवला मोजता येत होता, आणि त्या काळ्या कमानीपलीकडे प्रबळगड असा उजळ बसला होता की आत पाऊल टाकावं. मी म्हटलं, आता म्हातारीला दाखवा. ते म्हणाले, "हा दाखवला तर झाड जातं, बाई." आणि फोटो कागदात गुंडाळून ठेवला.

त्यांचा पेच मला समजत होता. झाड राहिलं तर फाल्गुनातली नवी पालवी, आषाढातले ढग, सगळं त्या कमानीतून मिळणार होतं. त्यासाठी काही करायचं नव्हतं, नुसतं घरी बसायचं होतं. वद्य पक्ष सुरू झाला. मास्तर वर्गात येत, शिकवत. पण त्या आठवड्यात त्यांनी मुलांची चित्रं सुलट धरून तपासली आणि सगळ्यांना सारखेच मार्क दिले.

मग एके दिवशी म्हातारीचा मुलगा शाळेत आला. झाड उभं राहिलं तर आमची हरकत नाही, म्हणाला. लाकूड दुसरीकडून आणता येईल. "पन आये दुसरं लाकूडबी घेऊ देत नाय. म्हनते, बाबानं राखलं तेच उलटं झालं, आता आपल्याला घर नाय. रातची उठून बसते. मास्तर, तुमी काय तरी सांगा तिला."

मास्तरांनी खडू ठेवला आणि मला विचारलं, की बाई, तुमचा पुढचा तास आहे का? माझा तास होता. तो हेडमास्तरांनी घेतला, कुरकुरत. आम्ही चालत निघालो. फोटो मास्तरांच्या सदऱ्याच्या आत होता, शेंगदाण्याच्या खिशात नव्हे.

म्हातारी अंगणात बसली होती. तिने मास्तरांना ताक विचारलं नाही. त्यांनी फोटो तिच्या हातात दिला आणि बाजूला उभे राहिले. कुठून धरायचा तेही सांगितलं नाही. तिने तो आधी आडवा धरला, मग उलटा, मग थोडा थोडा फिरवत आणला आणि एका जागी थांबली. बोट ठेवून म्हणाली, "ह्यो प्रबल." मग बोट सालीवरून वर, फांदीवरून उजवीकडे गेलं, आणि पुन्हा खाली बुंध्याशी आलं.

"उबं हाय," ती म्हणाली. "मास्तर, ह्ये तर उबं हाय."

"उभंच होतं," मास्तर म्हणाले. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

तिने फोटो पदरात घेतला. तिच्या चेहऱ्यावरचा ताण कसा उतरत गेला, ते मला अजून दिसतं. मुलाला म्हणाली, वद्य पक्ष आहे तोवर माणसं बोलाव. आणि मग तिला काही सुचलं असावं, कारण तिने मास्तरांकडे वर पाहिलं. "तुमचं वो काय? तुमी तर ह्याच झाडाला बगायला येता."

मास्तरांनी ऐनाकडे पाहून घेतलं. म्हणाले, "घरासाठी राखलं म्हणून ते मला असं सापडलं. नाहीतर कधीच राबात गेलं असतं." आणि ताक मागितलं.

झाड पडलं त्या दिवशी मास्तर शाळेत होते. त्यांनी मुलांना मोकळं चित्र काढायला सांगितलं आणि स्वतः खिडकीत उभे राहिले. मला वाटलं होतं, आता हे कॅमेरा गुंडाळून ठेवतील. तसं काही झालं नाही. पुढच्याच रविवारी ते पळस्प्याच्या रस्त्याला एका पळसामागे लागले होते आणि तिथल्या गाडीवानाची शिवी खाऊन आले होते.

लाकूड वाळायला एक पावसाळा गेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात म्हातारीचं बोलावणं आलं, की चौकट बसवायची आहे, मास्तरांनी आणि आम्ही दोघांनी यावं. घराला अजून भिंती नव्हत्या. जोतं होतं, ऐनाचे खांब होते आणि वर आढं. चौकटीला हळद-कुंकू लावून झालं, तिच्या वरच्या आडव्या लाकडाला पिवळ्या कापडात काहीतरी बांधलं होतं. सुतार आणि त्याची माणसं चौकट उचलून पूर्वेच्या बाजूला आली. एक हात कमी पडत होता म्हणून तुमचे आजोबाही धरायला गेले. मास्तर घराच्या आत, जिथे माजघर होणार होतं तिथे, जमिनीवर बसले होते. त्यांनी एक डोळा मिटला.

"जरा डावीकडे घ्या," ते म्हणाले.

सुतार म्हणाला, माप घेतलंय. मास्तर म्हणाले, मापाबद्दल बोलत नाही, थोडं डावीकडे घ्या. सुताराने म्हातारीकडे पाहिलं. घर कोणाचं आहे, असं त्याला विचारायचं असावं.

"घ्या," म्हातारी म्हणाली. "मास्तर म्हनतील तितं."

चौकट डावीकडे गेली. थोडी जास्त गेली, मग पुन्हा किंचित उजवीकडे आली. आजोबांच्या कपाळावर घाम होता. "बस," मास्तर म्हणाले. मग त्यांनी म्हातारीला बोलावलं आणि आपल्या जागेवरून उठले. ती तिथे गुडघे धरून बसली, आणि तिने समोर पाहिलं. सपाट माथा, बाजूचा सुळका, दोघांमधली खाच, सगळं त्या चार लाकडांत आलं होतं, आणि अलीकडे कापलेली शेतं.

सुताराने हातोडा घेतला. "आये, ठोकू का आता?"

"थांब जरा," म्हातारी म्हणाली. "बगूंदे."

आणि सुतार, त्याची माणसं आणि तुमचे आजोबा ती जड चौकट तशीच धरून उभे राहिले.